गिलास, नग सहा

आमच्या नांदगाव पेठेत पाणी गिलासानं पितात. पुण्यात ते भांड्यानं पितात आणि पुस्तकात पेल्यानं पितात, हे ज्ञान मला लग्न झाल्यावर प्राप्त झालं. आमची ही पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली ते दिवस वैशाखाचे, आणि वऱ्हाडातला वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत येते न येते तोच हिनं माझ्या आईला हलक्या आवाजात विचारलं, "जरा भांडं मिळेल का?" आईनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, आत गेली आणि चार शेर दूध मावेल एवढा गंज आणून तिच्यापुढे ठेवला. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. "पुरन का वं बाई एवढा?" आईनं विचारलं. नवी सून आल्या आल्या स्वयंपाकाला बसते आहे, या कौतुकानं आईचे डोळे भरून आले होते. हिचे तहानेनं आले होते.

तर मला सांगायचं आहे ते या गिलासाबद्दल. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर नांदगाव पेठ लागतं. आज तिथं टोलनाका आहे, औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत. माझ्या लहानपणी नुसता रस्ता होता, आणि रस्त्यानं जाणारा-येणारा आमच्या ओसरीवर पाणी मागायला टेकायचा. त्यामुळे घरात गिलास फार. सगळे पितळेचे, आतून कल्हई केलेले. कल्हईवाला भाता मांडून बसला की आम्ही पोरं शाळा विसरायचो. तापलेल्या गिलासात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवायची, कापसाचा बोळा गरकन फिरवायचा, की काळवंडलेल्या पितळेत चांदी उतरलीच. शेवटी पाण्यात बुडवताना चर्र! कल्हई उडाली की त्या गिलासातलं ताक कळकतं. आंबटाच्या संगतीनं पितळेतलं तांबं त्यात उतरतं, असं शाळेत गुरुजींनी सांगितलं. आईला तांबं आणि जस्त यांचा हिशेब ठाऊक नव्हता, पण कुठल्या गिलासाची कल्हई गेली आहे हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची.

तिला अक्षरओळखही नव्हती, आणि गिलासांवर तर अक्षरंच अक्षरं होती. छिन्नीचे बारीक ठोके मारून टिंबाटिंबांनी काढलेली. कुणाला, कुणाकडून, कशाप्रीत्यर्थ आणि तारीख. आई ती अंगठ्यानं चाचपायची. "हा तुह्या मोठ्या मामाचा. हा आत्याच्या लग्नातला. हा तुह्या बारशाचा, अन् याले पोचा आहे तो तुनंच पाडला." ओसरीवर कोण आलं आहे ते पाहून ती आतून गिलास काढायची. मामा आला की त्याला मामाचाच गिलास. वाटसरूंसाठी एक ठरलेला होता, त्यावर कुणा लांबच्या नातेवाइकाचं नाव होतं आणि ते गृहस्थ स्वतः मात्र कधी आले नाहीत. घरातली काही माणसं वारली, त्यांचेही गिलास होते. त्यांतून आई तुळशीला पाणी घालायची.

१९७४ साली मला नोकरीत कायम केलं, आणि कायम झालेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. मी घर सुधारायला घेतलं. तेव्हा घरोघर स्टील येत होतं. पितळेला चिंच लागते, राख लागते, वर्षाला कल्हई लागते. स्टीलला काही म्हणता काही लागत नाही. एका रविवारी मी सगळे पितळी गिलास पोत्यात भरून अमरावतीच्या बाजारात नेले आणि मोडीत घातले. दुकानदारानं एकही अक्षर न वाचता पोतं काट्यावर टाकलं. वरून थोडे पैसे घालून मी स्टीलचे चकचकीत बारा गिलास घेतले आणि बाराच्या बारांवर माझं नाव घालून घेतलं. ज्या फळीवर बारा माणसं बसली होती तिथं आता मी एकटाच बारा वेळा बसलो!

आईनं एक गिलास उचलून अंगठा फिरवला. "हा कोणाचा?"

"आपलाच."

"अन् हा?"

"तोही आपलाच."

तिसऱ्याचं तिनं विचारलं नाही.

आता चिरंजीवांकडे वळतो. आमच्या चिरंजीवांचा जन्म १९७२ चा, म्हणजे त्याला समज आली तेव्हा घरात सगळे गिलास माझ्याच नावाचे होते. पण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आजीजवळ नांदगाव पेठेला असायचा आणि जुन्या गिलासांच्या गोष्टी तिच्या तोंडून ऐकायचा. आजीच्या गोष्टींखालोखाल त्याला वेड होतं ते इंद्रजाल कॉमिक्सचं. ज्यांच्या घरी त्या काळात मुलं होती त्यांना वेताळ कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३६ साली फँटम नावाचा एक बुरखेधारी वीर वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत उभा केला. आपल्याकडे १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघालं, ते मराठीतही आलं, आणि त्यात हा फँटम वेताळ होऊन अवतरला. जंगलात कवटीच्या आकाराच्या गुहेत राहतो, बोटात कवटीची अंगठी घालतो, आणि दुष्टाला ठोसा मारला की त्याच्या गालावर त्या कवटीचा छाप कायमचा उमटतो. सुपरमॅनचा जन्म १९३८ चा, म्हणजे वेताळ त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, ही माहिती चिरंजीवांनी मला एकदा गणिताचा अभ्यास चालू असताना पुरवली होती.

१९८३ ची दिवाळी. आम्ही सगळे नांदगाव पेठेला जमलो होतो. आमच्या हिनं पाहुण्यांसाठी म्हणून काचेचे सहा गिलास जपून ठेवले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे फळीवर पाहतो तो त्या सहाही गिलासांवर चित्रं! एकावर वेताळ, दुसऱ्यावर जादूगार मॅन्ड्रेक, तिसऱ्यावर त्याचा सोबती लोथार, चौथ्यावर फ्लॅश गॉर्डन, पाचव्यावर आपल्याकडचा बहादूर, आणि सहाव्यावर, माणसं संपली असावीत, वेताळचा घोडा. बारीक कात्रीनं कापून, डिंकानं चिकटवून, कडा बोटानं दाबून बसवलेल्या. अकरा वर्षांच्या पोराच्या मानानं काम सुबक होतं, हे मला आज दिसतं. त्या पहाटे मला दिसले ते वाचनालयाचे शिक्के. घोड्याच्या पोटावर अर्धा शिक्का जसाच्या तसा आला होता. पुस्तकं अमरावतीच्या एका वाचनालयाची, वर्गणी माझी, आणि दंडही माझाच! तासाभरात फराळाला मंडळी यायची होती.

अंगणात बंब पेटलेला होता. अभ्यंगस्नानाचं कढत पाणी मी बादलीत काढलं आणि म्हटलं, "चला, आज यांनाही आंघोळ घालू!" आणि हसलो. माझं मलाच ते फार विनोदी वाटलं होतं. घरातली एक-दोन माणसंही हसली. सहाही गिलास बादलीत गेले. थोड्या वेळानं कागद सुटून वर आले. आधी घोडा आला. वेताळ उलटा तरंगत होता आणि त्याच्या अंगावरचा जांभळा रंग पाण्यात पसरत होता. पोरगा तेल लावलेल्या अंगानं पाटाजवळ उभा होता. रडला नाही, हट्ट केला नाही. फक्त शेवटचा कागद सुटेपर्यंत तिथून हलला नाही.

आई ओसरीतून हे पाहत होती. म्हणाली, "काहून धुतले रे तुनं? लेकराचे पाहुणे होते ते."

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ दिवसांनी आमच्या हिच्याकडून कळला. वेताळ आपल्याकडे आला तर त्याला पाणी कुणाच्या गिलासात द्यायचं, असा प्रश्न पोरानं आजीला विचारला होता. आजी म्हणाली होती, ज्याचा गिलास त्याला पाहिजे. म्हणून ही सगळी खटपट. त्यानंतर बरेच दिवस तो नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायचा. आम्हाला वाटलं, पोराला नळाचा नाद लागला.

आई १९९१ साली गेली. दिवसकार्य झाल्यावर आम्ही धान्याची कोठी उपसली, तेव्हा तुरीच्या तळाशी फडक्यात बांधलेला एक पितळी गिलास निघाला. त्यावर आईचं माहेरचं नाव होतं, खाली तिच्या भावाचं. लग्नाच्या दिवशी मिळालेला. सतरा वर्षांपूर्वी मी पोतं भरत होतो तेव्हा बाईनं एक गिलास लपवला होता, आणि कोठी दर वर्षी रिकामी होताना तो दर वर्षी उचलून पुन्हा तळाशी ठेवला होता. मोजूनमापून हिशेब ठेवणाऱ्या मला एक गिलास कमी भरल्याचा पत्ता लागला नाही!

चिरंजीव इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेले आणि न्यू जर्सीत स्थायिक झाले. २०११ साली आम्ही उभयता त्यांच्याकडे तीन महिने राहून आलो. त्या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. आमच्या वयाच्या प्रत्येक निवृत्त माणसानं ते आपल्याला एकदा ऐकवलेलंच असणार. मला सांगायचं आहे ते त्याच्या बैठकीतल्या एका कपाटाचं. काचेचं कपाट, आत दिवे, आणि तीन फळ्यांवर उभे गिलास. पहिल्या दिवशी मला वाटलं, बक्षिसं मिळाली असतील. जवळ जाऊन पाहतो तर सुपरमॅन.

अमेरिकेत ही एक जुनीच तऱ्हा आहे. तिथं १९५३ साली वेल्चच्या द्राक्षाच्या जेलीवाल्यांनी जेली गिलासातच भरून विकली, गिलासावर टेलिव्हिजनवरच्या एका बाहुल्याची, हाउडी डूडीची चित्रं. जेली संपली की गिलास पोराचा. जेली किती लवकर संपत असेल ते आयांनाच विचारावं. पुढे १९७६ साली पेप्सीच्या जाहिरातीसाठी वीरांचे गिलास निघाले. सुपरमॅन, बॅटमॅन, त्याचा चेला रॉबिन, वंडर वूमन, फ्लॅश, ॲक्वामॅन, आणि बरोबरीनं जोकर, पेंग्विन, रिडलर ही खलनायक मंडळीही. उंच गिलास, अर्ध्या लिटरला थोडं कमी पाणी मावेल एवढा. वीराच्या पाठीमागे एक रंगीत गोल असतो, त्यावरून संग्राहक या गिलासांना 'मून' म्हणतात. दुसऱ्याच वर्षी सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानांनी दुसऱ्या कंपनीचे वीर काढले, स्पायडरमॅन, हल्क वगैरे. ज्या पोरांनी ते तेव्हा फोडले तीच आज पन्नाशी-साठीची माणसं होऊन ते शोधत हिंडतात. रविवारी लोक घरापुढे जुनं सामान मांडून विकायला बसतात, तिथं आमचे चिरंजीव सकाळी सातला हजर! ज्याला दिवाळीत पहाटे उठवायला मला पाण्याचा हबका मारावा लागे, तो हाच.

एका फळीवर दोन रॉबिन शेजारी उभे होते. मी म्हटलं, "दोन्ही सारखेच आहेत की. एक देऊन टाक."

"सारखे नाहीत, बाबा. खाली बघा."

चष्मा पुसून मी पाहिलं. तळाजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत मालकीचा शिक्का होता. एकावर 'एनपीपी', दुसऱ्यावर 'डीसी'. कंपनीचं जुनं नाव नॅशनल पिरिऑडिकल पब्लिकेशन्स, ते बदलून पुढे डीसी कॉमिक्स झालं. चित्र तेच, वर्ष तेच, फरक त्या नावापुरता. तेवढ्यासाठी त्यानं दोन्ही ठेवले होते. माझा अंगठा आपोआप त्या अक्षरांवरून फिरला.

या गिलासांतून तो पाणी पीत नाही. काचेवर रंग भाजून पक्का करतात, तो लवकर वितळावा म्हणून जुन्या काळी त्यात शिसं घालत. लाल-केशरी रंगाला कॅडमियम वापरत. शिशाची भानगड संपली असं म्हणावं तर २०१० साली मॅकडोनाल्ड्सला 'श्रेक' या हिरव्या राक्षसाचे सुमारे १ कोटी २० लाख गिलास परत मागवावे लागले, रंगात कॅडमियम होतं म्हणून. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं सुपरमॅन आणि वंडर वूमन यांची चित्रं असलेले नवे गिलास तपासून घेतले, तर रंगात शिसं निघालं, तेही मुलांच्या वस्तूंना घालून दिलेल्या मर्यादेच्या कैक पट. सगळ्या जगाचं रक्षण करणारा गडी, पण त्याच्या गिलासातून पोराला दूध देऊ नये! आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कल्हई करून घ्या.

तिथं असताना एके दुपारी घरात मी एकटा होतो. कपाट उघडं होतं, सुपरमॅनवर धूळ बसलेली दिसली. बसल्या बसल्या मुलाच्या उपयोगी पडावं म्हणून मी तीन-चार गिलास उचलून मोरीशी नेले आणि नळाची गरम बाजू सोडली. वाफ यायला लागली होती. तेवढ्यात चिरंजीव मागून आला. धावत आला नाही, चालतच आला.

"बाबा, त्यांना गरम पाणी चालत नाही," तो म्हणाला. "चित्र जातं."

आवाज चढलेला नव्हता. जसं एखाद्या परक्याला सांगावं तसं त्यानं ते मला सांगितलं. मी नळ बंद केला. त्यानं एकेक गिलास मऊ फडक्यानं कोरडा केला आणि जागच्या जागी ठेवला, चित्र समोर येईल असं फिरवून. १९८३ त्याला आठवत होतं की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. विचारायला तोंड हवं. निघताना त्यानं त्या दोन रॉबिनांपैकी एक कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. कुठला घातला ते मी अमरावतीला येऊन पाहिलं. जुन्या नावाचा होता.

परत आल्यावर हिच्या माहेरी पुण्याला गेलो होतो, तेव्हा शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय पाहिलं. पूर्वीही पाहिलं होतं, पण तेव्हा सासुरवाडीच्या मंडळींबरोबर. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी आयुष्यभर हिंडून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, दौती, भांडी जमवली. लोकांनी ज्या वस्तू अडगळीत टाकल्या असत्या त्या मागून, विकत घेऊन त्यांनी एवढा मोठा संग्रह उभा केला, आणि त्याला नाव घातलं ते लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. भांड्यांच्या दालनात मी बराच वेळ रेंगाळलो. ही म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही." माझं पोतं अमरावतीला मोडीत गेलं होतं, ते पुण्यात कसं सापडणार?

सध्या माझा संग्रह दोन गिलासांचा आहे. एक आईचा, एक रॉबिनचा. एकाची कल्हई गेली आहे, दुसऱ्यात शिशाची शंका आहे. दोन्हींतून पाणी पिता येत नाही.

यंदा चिरंजीव दिवाळीला नांदगाव पेठेला यायचा आहे, सहकुटुंब, पुष्कळ वर्षांनी. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही दोघं अमरावतीला जवाहर गेटकडे गेलो आणि स्टीलचा एक चांगला जाड गिलास घेतला. छिन्नीनं ठोके मारून नाव घालणारे आता दिसत नाहीत. पेनासारखं विजेचं यंत्र असतं, ते घुर्र करत चालतं. यंत्रावर विशीतला एक पोरगा बसला होता.

"चित्र जमतं का?" मी विचारलं.

"गणपती, कलश, मोर. हनुमान पाह्यजे असन तं तोही काढतो."

अमरावतीत हनुमान मागावा लागत नाही. १९१४ पासून इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आखाडा आहे, आणि इथल्या गड्यांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन हुतूतू खेळून दाखवला. त्याच वर्षी तिकडे वेताळ जन्मला होता, पण हे त्या पोराला सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "वेताळ येतो का?"

"भूत?" त्यानं यंत्र बंद केलं. "काका, गिलासावर भूत काढू नये."

मी त्याला बुरखा, घोडा, गुहा, अंगठी असं सगळं समजावलं. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली आणि तीही ऐकू लागली. अंगठीवर कवटी असते म्हणताच त्याचा चेहरा खुलला. "कवटी? डीपीवर असते तशी? ते धोक्याची?"

"तशीच."

दोन मिनिटांत त्यानं कवटी काढली, आणि मी नको म्हणेपर्यंत खाली दोन हाडंही काढून मोकळा झाला. दात जरा जास्त झाले होते. पण कुणालाही ओळखू येईल अशी होती.

"आता नाव?"

मी चिरंजीवांचं नाव सांगितलं.

"कोणाकडून?"

"बाबांकडून."

"निमित्त काय टाकू? वाढदिवस?"

"दिवाळी, १९८३."

"पंचवीस म्हणा ना, काका. दोन हजार पंचवीस."

"त्र्याऐंशी."

त्यानं माझ्या खांद्यावरून आमच्या हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "घाला हो, ते म्हणतात तसं."

घुर्र करत यंत्र सुरू झालं. मग त्यानं बोटांवर अक्षरं मोजून पैसे सांगितले. चित्राचे वेगळे.